देवस्थळी कुटुंबासाठी विशेष प्रार्थना

दिलीप टिपरे या माणसाबद्दल माझ्या मनात काडीचाही आकस नाही, हे आधीच सांगून टाकतो. तो आमच्या बरोब्बर डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहतो. सकाळी आमची झोप चालू असताना बादल्या सरकवतो. त्याची स्कूटर पहिल्या किकला सुरू होते. त्याच्या बायकोने लावलेली मधुमालती आमच्या गॅलरीवरून जाते आणि फुलते मात्र पलीकडे. या सगळ्याकडे मी आजवर मोठ्या मनाने पाहत आलो. पण सिस्टरांच्या शाळेच्या पत्रकात त्याचं नाव छापून आलं, तेव्हा माझ्या पोटात जे झालं त्याला डॉक्टर आम्लपित्त म्हणतात. आमची उज्ज्वला त्याला दुसरं काहीतरी म्हणते.

आमची अनुजा आणि टिपऱ्याचा पराग एकाच वर्गात, नववीत. शाळेचं खरं नाव लांबलचक आहे, एका संताचं आहे, पण सुरतेतल्या आमच्या उधन्याची सगळी मराठी माणसं तिला सिस्टरांची शाळाच म्हणतात. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मुलांबरोबर ‘होमलिंक’ नावाचं पत्रक घरी येतं. सायक्लोस्टाइल केलेलं, कोपऱ्यात पिन टोचलेलं आणि शाईने बोटं काळी करणारं. फी कधी भरायची, मोजे कोणत्या रंगाचे घालायचे, पालकसभेला आईवडिलांपैकी कोणी यायचं वगैरे. शेवटच्या पानावर मात्र एक सदर असतं, ‘आपली कुटुंबं’. कुणाचे वडील सिंगापूरला जाऊन आले, कुणाच्या आईला भरतकामात बक्षीस मिळालं, अशा बातम्या. आमच्या सोसायटीत फीची तारीख लोकांच्या लक्षात राहत नसे, पण या सदरात कोण आलं ते पाठ असे.

तर त्या पावसाळ्यानंतरच्या अंकात आलं की, श्री. दिलीप टिपरे यांनी नववीच्या मुलांना बारडोलीचा साखर कारखाना दाखवला, मुलांनी उसाचा रस मनसोक्त प्यायला आणि टिपरेसाहेबांच्या उदार अंतःकरणाबद्दल शाळा त्यांची ऋणी आहे. आता, टिपऱ्या बारडोलीला बँकेत आहे, रोज जाऊन येऊन करतो, कारखान्यात त्याची ओळख आहे, हे मान्य. पण ऊस शेतकऱ्यांचा, रस कारखान्याचा, बस शाळेची, आणि अंतःकरण तेवढं टिपऱ्याचं. हे मी उज्ज्वलाला नीट समजावून सांगितलं. ती म्हणाली, “मग तुम्हीही दाखवा की काहीतरी.”

संध्याकाळी टिपऱ्या स्वतः खाली आला, हातात ‘होमलिंक’.

“देवस्थळीसाहेब, तुमच्या अंकात दुसरी ओळ नीट उठली आहे का हो? आमच्यात जरा पुसट आहे.”

मी त्याला आमचा अंक दाखवला. आमच्यात दुसरी ओळ लख्ख उठली होती. तो आमचा अंक घेऊन गेला आणि आठवड्याने मी वर गेलो तेव्हा तो अंक त्याच्या दिवाणखान्यात, गणपतीच्या शेजारी, काचेच्या चौकटीत होता. म्हणजे माझी बदनामी आमच्याच घरातल्या कागदावर झाली असं म्हणायला हरकत नाही.

हेही मी गिळलं असतं. पण जेवताना अनुजा म्हणाली, “बाबा, सिस्टरने आज क्लासमध्ये विचारलं, अजून कुणाचे डॅडी काही दाखवू शकतात का. पराग माझ्याकडे बघून हसला.”

“मग तू काय सांगितलंस?”

“काय सांगणार? म्हटलं, माझे बाबा कॅनॉलमध्ये असतात.”

“कॅनॉलमध्ये म्हशी असतात. मी कालवा खात्यात हेडक्लार्क आहे.”

“तेच ते,” ती म्हणाली आणि ताटाकडे बघत राहिली. पोरीच्या डोळ्यांत आपल्या बापाविषयी काही नाही, हे बापाला कळतं. त्या रात्री मला ते कळलं आणि जेवण गेलं नाही. टिपऱ्याच्या वर नाही तर नाही, निदान त्याच्या खालच्या मजल्यावर तरी माझं नाव छापून आलंच पाहिजे, असं मी ठरवलं.

पहिल्यांदा मी काकरापारच्या बंधाऱ्याची सहल काढायचं योजलं. आमचे मोठे साहेब, देसाईसाहेब, माणूस भला. त्यांनी अर्ज मागितला. अर्जावर उपविभागाचा अभिप्राय हवा, उपविभागाला पोलिसांची हरकत नसल्याचा दाखला हवा, आणि पोलिसांना मुलांची यादी हवी, जी शाळा सहल मंजूर झाल्याशिवाय देत नाही. हा रस्ता मला नवा नव्हता, कारण तो मीच वीस वर्षं लोकांना दाखवत आलो होतो. शेवटी मुख्याध्यापिका सिस्टर बेनेडिक्टा यांनीच सांगितलं की पाणी खोल असतं, मुलांना नेता येणार नाही. साखर गोड असते आणि पाणी खोल असतं, यात माझा काय दोष?

मग सल्ले सुरू झाले. तळमजल्यावरच्या कलाबाईंचं मूळ गाव शिरपूरकडचं, नवरा लिंबायतला लूमवर मास्तर. त्या म्हणाल्या, “भाऊ, शाळाले एक घड्याळ दी टाका. मोठं. त्यावर नाव ऱ्हास.” घड्याळावर नाव गेलेल्या माणसांचं असतं म्हणून ते मी नाकारलं. उज्ज्वलाने मात्र कामाचं सांगितलं. “तुमच्या नोकरीला वीस वर्षं झाली. एक दिवस आजारपणाची रजा नाही. तेच कळवा ना.”

हे माझ्या कसं लक्षात आलं नाही कोण जाणे. वीस वर्षांत मी वैद्यकीय रजा घेतलेली नव्हती. ताप आला तर रविवारी आणला. सुरतेत प्लेगची घबराट झाली, निम्मं शहर गाड्या भरभरून गावी गेलं, टिपऱ्या तर सगळ्यात आधी नाशिकला सासुरवाडीत पोचला, तेव्हाही मी नाकाला रुमाल बांधून ऑफिसात बसलो होतो. माझ्याखेरीज कुणी नव्हतं म्हणून काम फारसं झालं नाही, पण हजेरी लागली. खात्याने मला तसं प्रशस्तिपत्रही दिलं होतं. शिवाय दुसऱ्यांच्या वैद्यकीय रजांवर मी जे शेरे मारले ते जिल्ह्यात प्रसिद्ध होते. माझ्या हाताखालच्या कारकुनाला, सुकदेवला, गालफुगी झाली तेव्हा, गालाचा लिखाणाशी संबंध काय, असं मी फाइलवर विचारलं होतं.

मी शुद्ध इंग्रजीत मजकूर लिहिला, पाकिटात घातला, पाकिटावर ‘श्री. व. ग. देवस्थळी आणि कुटुंब’ असं टपोऱ्या अक्षरात लिहिलं आणि शनिवारी अर्धा दिवस भरून शाळेत गेलो. ‘होमलिंक’मध्ये लिहिलेलं असे की बातम्या फाटकाजवळच्या पेटीत टाकाव्यात. फाटकाजवळ वॉचमनच्या स्टुलामागे एक पेटी होती खरी, पत्र्याची, गंजलेली, वर त्याचा डबा ठेवलेला. आणि तिथून दहा पावलांवर, दगडांच्या छोट्या गुहेत मेरीमातेची निळ्या वस्त्रातली मूर्ती होती, पुढे मेणबत्त्या, मोगऱ्याचा हार आणि पॉलिश केलेली सुंदर लाकडी पेटी, वर फट.

आता मला सांगा, आपल्यासारखा माणूस काय करील? देवासमोर पेटी असताना कोणी आपलं शुभवर्तमान डब्याखालच्या पेटीत टाकील काय? मी चपला काढल्या, हात जोडले, पाकीट कपाळाला लावलं आणि लाकडी पेटीत सोडलं. वॉचमनने माझ्याकडे पाहून टोपी काढली. बातमीचं एवढं महत्त्व याला कसं कळलं, याचं मला कौतुक वाटलं.

पुढच्या पहिल्या शुक्रवारी मी ऑफिसातून लवकर आलो. अनुजा दारातच उभी होती. डोळे सुजलेले. मला बघितलं आणि ती गळ्यात पडून रडायला लागली.

“बाबा, तुम्हाला काय झालंय? मला का नाही सांगितलं?”

उज्ज्वला आतून आली ती पदर डोळ्यांना लावूनच. तिच्या हातात ‘होमलिंक’ होतं. शेवटच्या पानावर अगदी तळाशी, मी आजवर कधी न वाचलेला एक चौकोन होता. ‘विशेष प्रार्थना’. त्यात चारपाच नावं. पहिलं नाव: श्री. देवस्थळी आणि कुटुंब.

हळूहळू उलगडा झाला. त्या लाकडी पेटीत, ज्यांच्यावर संकट आलं आहे ती माणसं चिठ्ठ्या टाकतात. सिस्टर पाकिटं फोडत नाहीत, कारण आतलं गाऱ्हाणं देवाचं आणि त्या माणसाचं. फक्त वरचं नाव पहिल्या शुक्रवारी सकाळच्या प्रार्थनेत वाचतात, आणि सगळी शाळा डोळे मिटून त्या घरासाठी उभी राहते. म्हणजे माझ्या बातमीचं पाकीट न फोडलेलंच देवाकडे गेलं होतं आणि बाराशे मुलं माझ्यासाठी उभी होती.

मी घरात सगळं खरं सांगितलं. कुणाचाही विश्वास बसला नाही. “मला त्रास नको म्हणून तुम्ही लपवताय,” उज्ज्वला म्हणाली. पाकीट फोडलेलं नसल्यामुळे आत काय होतं ते ज्याने त्याने आपापल्या मगदुराप्रमाणे भरलं. दूधवाल्याच्या मते माझी नोकरी गेली होती. समोरच्या बिल्डिंगीत मला रक्ताचा काहीतरी रोग झाला. कलाबाई पपईच्या पानांचा काढा घेऊन आल्या आणि पुढ्यात बसून राहिल्या. “पी टाका भाऊ. मन्हा जेठबी असाच गुपचूप ऱ्हायना. कोनले काय सांगं नई. मंग एक दिन गया.” जेठ म्हणजे त्यांचा थोरला दीर. काढा मी प्यायलो, नाहीतर त्या उठल्या नसत्या. त्यानंतर मात्र मला खरोखरच बरं वाटेनासं झालं.

सगळ्यांत वाईट म्हणजे टिपऱ्या सफरचंदं घेऊन आला. माझ्या आयुष्यात त्या माणसाने मला काही दिलं नव्हतं, अगदी मधुमालतीचं फूलसुद्धा. तो खुर्चीच्या कडेवर बसला, आवाज खाली आणून म्हणाला, “काही लागलं तर मध्यरात्री हाक मारा. आपण एका छपराखाली राहतो.” आणि जाताना माझ्या खांद्यावर थोपटलं. त्याने माझी कीव केली. टिपऱ्याने माझी कीव केली. त्याचा हेवा करून मी जेवढा दमलो नव्हतो तेवढा त्या थोपटण्याने दमलो.

सोमवारी ऑफिसात देसाईसाहेबांनी बोलावलं. त्यांची मुलगी त्याच शाळेत सातवीत. तिनेही माझ्यासाठी डोळे मिटले होते.

“देवस्थळीभाई, तबियत पहेला, ऑफिस पछी. कालथी रजा पर उतरी जाव.”

“साहेब, मला काही झालेलं नाही.”

“मारी बेबी रडती हती,” साहेब म्हणाले, आणि त्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आल्यावर हेडक्लार्क काय बोलणार? वीस वर्षं अभंग राखलेलं माझं रेकॉर्ड त्या एका वाक्याने मोडलं. वैद्यकीय रजेचा अर्ज मला माझ्याच हाताने, माझ्याच टेबलावर, लिहावा लागला. सुकदेवने तो माझ्या हातातून घेतला, मायेने वाचला आणि म्हणाला, “साहेब, कोणत्या अवयवाचा आजार ते लिहिलेलं नाही. त्याचा लिखाणाशी संबंध काय, तेही लागेल.”

घरी बसलो. घरी बसणं मला ठाऊकच नव्हतं. वर टिपऱ्याच्या घरी बादल्या सरकत, आणि आता त्या दबकत सरकत, कारण खाली आजारी माणूस होता. कामावर परत जायचं तर बरा झाल्याचा दाखला हवा. सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरने तपासून सांगितलं, “तुम्हाला काही नाही.” मी म्हटलं, तेच लिहून द्या. तो म्हणाला, “बरा झाला असं लिहायचं तर आधी काय होतं ते लागेल.” मी म्हटलं, काही नव्हतं. तो म्हणाला, “मग बरे कशातून झालात?” त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच विचारलं असतं, म्हणून मला त्याचा रागही आला नाही. शेवटी कोपऱ्यावरच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ‘सर्वसाधारण अशक्तपणा’ असं लिहिलं आणि मी पुन्हा सशक्त झालो.

एवढं झाल्यावर मी तडक सिस्टर बेनेडिक्टांकडे गेलो. आता सगळं खरं सांगायचं, नाव त्या चौकोनातून काढून वरच्या सदरात न्यायचं, एवढं ठरवलेलं. सिस्टर केरळच्या, हिंदी सावकाश बोलत. मधली सुट्टी होती. अनुजा मला पाहून धावत आली आणि माझा हात धरून उभी राहिली. गेल्या तीन वर्षांत तिने शाळेत माझा हात धरला नव्हता.

“सिस्टर,” मी म्हटलं, “मैं बिल्कुल ठीक हूं. मुझे कुछ नहीं है.”

सिस्टरांनी माझ्या हातातला दाखला पाहिला. मग अनुजाकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा उजळला की मला पुढचं वाक्य आठवेना.

“देखो बेटा,” त्या अनुजाला म्हणाल्या, “सुन लिया भगवान ने.” आणि मग माझ्याकडे वळून, “मिस्टर देवस्थळी, ये तो हम छापेंगे. ‘आपली कुटुंबं’ में. सबसे ऊपर.”

खरं माझ्या जिभेच्या टोकावर होतं. पण ‘छापेंगे’ हा शब्द कानावर पडला, आणि पाठोपाठ ‘सबसे ऊपर’, आणि अनुजाने माझा हात घट्ट दाबला. माझी जीभ जी आत गेली ती थँक्यू म्हणण्यापुरतीच बाहेर आली.

पुढच्या अंकात सदराच्या माथ्यावर छापून आलं. मुलांच्या प्रार्थनेला यश येऊन श्री. देवस्थळी पूर्ण बरे होऊन कामावर रुजू झाले, त्यांच्या श्रद्धेतून आपण सर्वांनी शिकावं. दुसरी ओळ जरा पुसट होती. मी तो अंक घेऊन वर गेलो. टिपऱ्याने खिडकीशी जाऊन तो दोनदा वाचला. त्याचा चेहरा उतरलेला मी स्पष्ट पाहिला आणि सांगायला संकोच वाटत नाही, मला फार बरं वाटलं. एवढं तर मला दाखला मिळूनही वाटलं नव्हतं.

“चिठ्ठी कोणत्या पेटीत टाकली होतीत?” त्याने विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं.

“लाकडी. मूर्तीसमोरची.”

“चपला काढून?”

“चपला काढून. पाकीट आधी कपाळाला.”

त्याने मान डोलावली. आता हा माझी नक्कल करणार, हे मी ओळखलं. आणि तसंच झालं. पुढच्या पहिल्या शुक्रवारी चौकोनात पहिलं नाव होतं श्री. दिलीप टिपरे आणि कुटुंब. मी इतका खूश झालो की उधना दरवाज्याच्या बाजारातून निवडून सफरचंदं आणली. त्याने मला आणली होती त्याहून मोठी. खुर्चीच्या कडेवर कसं बसायचं, आवाज किती खाली आणायचा, खांद्यावर कुठे थोपटायचं, हे सगळं जिना चढताना मी मनात घोकून घेतलं.

दार टिपऱ्याच्या बायकोने, वर्षावहिनींनी उघडलं. घरात खोकी होती. निम्मी भरलेली. टिपऱ्या जमिनीवर बसला होता, बनियनवर.

“भुजला बदली झाली, देवस्थळी,” तो म्हणाला. “महिना झाला ऑर्डर येऊन. पराग पुढच्या वर्षी दहावीला. हिची आई नाशिकहून इथे आणलेली, अंथरुणाला खिळलेली. सगळे साहेब करून झाले. कुणी ऐकेना.” मग म्हणाला, “तुमचं झालं ना त्या पेटीनं. म्हणून म्हटलं, आपणही टाकून बघू. एरवी माझा विश्वास नाही हो अशा गोष्टींवर.”

सफरचंदांची पिशवी माझ्या हातात तशीच राहिली. या माणसाने आपलं सगळं ओझं माझ्या खोट्या आजाराच्या भरवशावर त्या पेटीत टाकलं होतं. सांगावं तर त्याचा उरलासुरला धीर जाणार. न सांगावं तर मी त्याच्यासमोर बसणार कसा? वहिनींना सफरचंदं दिली आणि एक खोकं उचलून भिंतीला लावलं, कारण हात रिकामे झाले होते.

नाव संकट टळेपर्यंत दर महिन्याला वाचतात आणि त्या सकाळी पालकांनाही मैदानात यायची मुभा असते. पुढच्या पहिल्या शुक्रवारी मी ऑफिसला उशीर केला. आयुष्यात प्रथमच. बाराशे मुलांच्या मागे चपला काढून उभा राहिलो. सिस्टरांनी टिपऱ्याचं नाव वाचलं आणि सगळ्यांनी डोळे मिटले. मीही मिटले. टिपऱ्याचं भलं होऊ दे, असं मनातल्या मनात म्हणायला गेलो तर शब्द फुटेना, सवयच नव्हती. मग विचार आला, हा खरंच भुजला गेला तर वर दुसरा कोणीतरी येईल. त्याची ओळख करून घ्यायची, त्याचं सुख शोधून काढायचं, त्याच्यावर जळायला पहिल्यापासून सुरुवात करायची. या वयात मला ते झेपलं नसतं. तेव्हा मात्र मी अगदी पोटतिडकीने मागितलं. याला इथेच राहू दे. माझ्या डोक्यावरच राहू दे.

वार्षिक परीक्षेआधी बदली रद्द झाली. टिपऱ्या पेढे घेऊन धावतच खाली आला, दारातच मला मिठी मारली आणि म्हणाला, “जागृत आहे हो तुमची पेटी.” आम्ही दोघंही थोडे रडलो. वरून रात्री बादल्या सरकण्याचा आवाज आला, पूर्वीसारखा दणदणीत, आणि मी कूस बदलून शांत झोपलो.

मग एप्रिलचा ‘होमलिंक’ आला. सदराच्या माथ्यावर टिपरे. मुलांच्या प्रार्थनेचे आभार, सिस्टरांचे आभार, वहिनींच्या धीराचं कौतुक, परागच्या अभ्यासाला शुभेच्छा, सगळं होतं. मी तो अंक अनुजाकडून काढून घेतला आणि दिव्याखाली धरून शेवटपर्यंत वाचला. त्या सकाळी त्या मैदानात त्या माणसासाठी एवढं मनापासून मीच मागितलं असेल, आणि माझं नाव कुठेही नव्हतं. बरं, हे छापा म्हणून सांगायला जायचं तर कोणत्या पेटीत टाकायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.